चाकांवरची कोपी

शकुंतला गुरुवारी सकाळी गेली. गाडी सोसायटीच्या आवारात उभी होती. पाण्याची टाकी भरलेली होती. शनिवारी आम्ही निघणार होतो.

शनिवारी सहसा कोणी प्रवासाला निघत नाही. पण शकुंतला शिंगणापूरची. बाकीचे लोक ज्या वाराला दबकून असतात तो तिचा घरचा वार होता. लोखंड आणायचं ते शनिवारी, तेलाचा डबा आणायचा तो शनिवारी. माझी आई होती तेव्हा यावरून कुरकुर करायची. शकुंतला हसून म्हणायची, "आई, देव आमच्या गावचा आहे. गावातल्या पोरीला तो कशाला आडवा येईल?"

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, अशाच एका शनिवारी मी देवळाली प्रवराला गेलो. शकुंतलाचा धाकटा भाऊ रावसाहेब तिथं उसाच्या ट्रॉल्या बनवतो. रस्त्याकडेला पत्र्याचं वर्कशॉप, मागे मोकळी जागा, तिच्यापलीकडे ऊस. त्या मोकळ्या जागेत बाभळीखाली गाडी उभी होती. शकुंतला गेल्यावर रावसाहेबानंच ती नगरहून, आमच्या सावेडीतून तिकडे नेली होती, कारण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दिसायची आणि मी खिडकीपासून हलत नसे.

शकुंतलानं गाडीच्या मागे राहण्यासाठी बांधून घेतलेल्या खोलीत मी चढून बसलो. रावसाहेब बाहेर ग्राइंडरची वायर जोडून, पालथ्या बादलीवर बसून चहा पीत होता. त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता.

गोष्ट साधी होती. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. तपासणीच्या अधिकाऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली, मागच्या खोलीत डोकावून "छान केलंय" असंही तो म्हणाला, आणि मग सांगितलं की कागदावरची गाडी ही नाही. ती मूळची होती तशी करून आणा, नाहीतर रस्त्यावर काढू नका. म्हणजे घर ठेवलं तर गाडी बाभळीखालून हलणार नव्हती. आणि निघायचं असेल तर शकुंतलानं बांधलेलं घर कापावं लागणार होतं.

मला निघायचं होतं. त्याखेरीज मला आयुष्यात काही नको होतं. आणि मला ते घरही हवं होतं.

ही जीप लष्कराच्या लिलावातून निघालेली. नगरमध्ये अशा गाड्या कुणाच्या ना कुणाच्या परसात असतात. कुणी कोंबड्या बसवतो, कुणी रंगवून लग्नाच्या वरातीला देतो. आमची एका पोल्ट्रीवाल्याकडे होती. शकुंतला ती बघायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. तिनं टायरला लाथ मारली, खाली वाकून दोन्ही आसांकडे पाहिलं, मग पुढच्या चाकांची ताकद जोडायचा आखूड दांडा ओढला. तो खट्‌ करून बसला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ती शाळेत खेळाच्या बाई होती. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. खो-खोच्या मुलींना घेऊन तिनं अर्धं राज्य पालथं घातलं होतं. पण सोलापूर म्हटलं की तिला आठवायचं ते एका शाळेचं मैदान, कोल्हापूर म्हटलं की दुसऱ्या शाळेचं. "सगळीकडची माती मला माहीत आहे," ती म्हणायची, "गाव एकही नाही. सामने संपले की बस, बसमध्ये पोरी झोपायच्या, मी डोकी मोजायची." निवृत्तीनंतर तिला ती सगळी गावं बघायची होती, आणि त्यांच्याही पुढची. कच्छचं मीठ बघायचं होतं. आणि कुठंही जायचं तर घर बरोबर घेऊन, परत यायची तारीख न ठरवता.

"आणि मी?" मी विचारलं होतं.

"तुम्ही वाचा की. गाडी चालत असली म्हणून पुस्तकातली अक्षरं काय खाली पडतात?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझी अक्षरं खाली पडायची. चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

तिचं माहेरचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्न ठरल्यावर. दगडी चौकट होती आणि चौकटीला दार नव्हतं. पडदा होता, आणि कुत्री शिरू नयेत म्हणून खाली एक फळी आडवी लावलेली. सासूबाई मळ्यात जाताना पडदा सारखा करायच्या आणि चालायला लागायच्या. गावातली सगळी घरं तशीच. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, जसं आपल्याला आपल्या घराच्या छताचं वाटत नाही. मी मात्र नगरच्या ज्या घरात वाढलो तिथं वडील झोपायच्या आधी कुलूप ओढून बघत, अंथरुणावर पडत, आणि पुन्हा उठून ओढून बघत.

सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा कडी लागली की ती अस्वस्थ व्हायची. "कोंडल्यासारखं होतं हो," म्हणायची. मग आमची तडजोड झाली. रात्री दार माझं, दिवसा तिचं. त्यामुळे दिवसभर आमचं दार सताड उघडं असे. जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास यायचा, खालच्यांचं मांजर यायचं, उन्हातान्हाचा कुणी विक्रेता थेट आत येऊन पंख्याखाली उभा राहायचा. ती त्याला पाणी द्यायची आणि वस्तू घ्यायची नाही.

गाडीचं काम सुरू झालं त्या हिवाळ्यात आम्ही दोघंही जवळजवळ देवळालीलाच राहत होतो. तो हिवाळा मला वासांनीच आठवतो. वेल्डिंगचा जळका वास, नव्या प्लायवूडचा, गंजावर लावायच्या तांबड्या रंगाचा. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा आणि जेवणातही उतरायचा. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या जायच्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून. मागून ट्रॅक्टर यायचे गाणी लावून, आणि गाणं लांब जाता जाता वाकडं होत जायचं.

पहिल्याच दिवशी बहीण-भावाची जुंपली.

"ताई, ट्रॉली सांग, नांगर सांग, करतो. गाडीत घर म्हंजे काय करू?"

"ट्रॉलीवर छप्पर घाल अन्‌ आत पलंग कर. झालं घर."

"बरं. मागचं दार कुन्या अंगाला उघडायचं?"

"दार कशाला? चौकट कर."

"अगं, गाडीला दार न्हाई?"

"आपल्या घराला हाय का?"

"माझ्या हितल्या घराला हाय."

"मंग बिघडलास तू. दाजींच्या नादाला लागला."

मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलो होतो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

चौकटच झाली. लोखंडी चौकट, वरून सळई, सळईत कड्या ओवलेला जाड निळा पडदा, आणि खाली, हो, एक फळी आडवी. आत एका अंगाला पलंग, पलंगाखाली खण, दुसऱ्या अंगाला शेगडीचा ओटा, आणि उशाशी माझ्यासाठी फडताळ. फडताळाची लांबी तिनं वितीनं घेतली. पुस्तकं वळणावर पडू नयेत म्हणून पुढे बारीक सळई लावून घेतली. "एवढीच घ्यायची," म्हणाली. "बाकीची सावेडीत थांबतील. ती काय तुमच्यामागं पळत येणार आहेत?" त्या फडताळात कुठली ठेवायची हे ठरवण्यात माझा तो सगळा हिवाळा गेला. इतकं सुखाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

वर्कशॉपच्या पलीकडे ऊसतोड करणाऱ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाथर्डीच्या बाजूनं आलेली माणसं. बांबू वाकवून, वर पाचट टाकून केलेली ती घरं हंगामापुरती. कांताबाई नावाची एक बाई पाणी न्यायला रावसाहेबाच्या नळावर यायची. एके दिवशी हंडा कडेवर घेऊन ती गाडीमागे थांबली.

"बाई, ही तुमची कोपी व्हय?"

शकुंतला पॉलिश पेपर घासत होती. "व्हय," म्हणाली. तिला तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून गाडीचं नाव कोपी पडलं.

"अन्‌ हिला दार न्हाई?"

"तुमच्या कोपीला कुठंय?"

"आमच्यात न्यायला काय हाय? तुमच्यात आसंल की." मग तिची नजर माझ्याकडे वळली. "ह्ये मालक का तुमचं? काम न्हाई करीत?"

"ते वाचतात."

"सारा दिस?"

"सारा जन्म."

कांताबाई तोंडाला पदर लावून हसली. जाता जाता मात्र म्हणाली, "आमी पोटासाठी फिरतो, बाई. हौसंनं कुनी कोपीत ऱ्हातं व्हय?"

 दुसऱ्या दिवशी शकुंतलानं कांताबाईला हात धरून आत नेलं आणि पलंगावर बसवलं. कांताबाईनं गादी दाबून पाहिली, फडताळातल्या सळईवरून बोट फिरवलं. "मऊ हाय," म्हणाली. उतरताना, बसली होती ती जागा तिनं पदरानं पुसली. शकुंतला त्यानंतर बराच वेळ पडद्याच्या कड्या उगाच मागेपुढे करत राहिली.

गाडी चालवायला तिनं मलाही शिकवलं, ऊस तुटून गेलेल्या रानात.

"क्लच सोडा. अहो, सोडा म्हणजे टाकून देऊ नका! हळू."

गाडी दोनदा उडाली आणि बंद पडली.

"शकू, मी ग्रंथपाल आहे."

"दिसतंय ना. गाडी बघा कशी गप्प बसलीय. शांतता राखा."

रावसाहेब बांधावर बसून हसत होता. पायाखाली पाचट कुरकुरत होतं आणि नांगरटीच्या मातीला ओला, थंड वास होता. संध्याकाळपर्यंत मी रानाला एक पूर्ण फेरी मारली. तिनं शिट्टी वाजवली.

निघण्याआधी एकदा गाडी घेऊन फिरून बघायचं म्हणून आम्ही अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला गेलो. डांबरी रस्ता होता तोवर सगळं ठीक. शेवटचा तुकडा कच्चा, फुफाट्याचा. चालत्या गाडीचं मागचं तोंड उघडं असलं की ती मागची सगळी धूळ आत ओढून घेते, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. दार नसलेलं घर जागेवर उभं असतं. ते पळायला लागलं तर काय होतं हे शिंगणापुरात कुणाला कळणार? थांबून मागे पाहिलं तर पडदा सळईला गुंडाळला गेला होता आणि खोलीत एकच रंग होता. गादी, पीठ, फडताळ, माझी पुस्तकं, सगळं मातीचं. शकुंतलानं उशी उचलली, तेव्हा उशीखालचा पांढरा चौकोन तेवढा स्वच्छ निघाला. ती पोट धरून हसायला लागली, मलाही आवरेना.

"आता तरी दार लावू या," मी म्हणालो.

"धूळ काय, झटकली की गेली."

पुढच्या प्रवासासाठी तिनं उपाय काढला: कच्चा रस्ता आला की चौकटीला ओलं गोणपाट बांधायचं. दार नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी, धरणाकाठी, मी जागा झालो तेव्हा पडदा वर बांधलेला होता. चौकटीत धरणाचं पाणी, धुकं, आणि अगदी जवळ एका गाईचं तोंड. ती आत बघत उभी होती, नाकातून वाफ येत होती. शकुंतला पांघरुणातूनच म्हणाली, "या बाई, बसा." आणि पुन्हा झोपली. सावेडीत ती पहाटे पाचला उठायची. तिथं तिला ऊन अंगावर आलं तरी जाग आली नाही.

निघायच्या आठवड्यात ती रोज सकाळी खाली जाऊन इंजिन सुरू करायची आणि नुसतं ऐकत उभी राहायची. घरात बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, खोबऱ्याचे लाडू यांचे डबे भरले जात होते. डब्यांचा वास, आणि खालून येणारा डिझेलचा वास. बुधवारी संध्याकाळी तिनं पाण्याची टाकी भरली.

पुढचं मला सलग आठवत नाही. डबे कुणी रिकामे केले, मला माहीत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरच्या त्या शनिवारी मी बाभळीखालच्या गाडीत चढलो तो एका गोष्टीसाठी चढलो. सावेडीतल्या तिच्या कपाटाचं दार उघडलं की ती अजून येते. टाल्कम पावडर, डांबरगोळ्या, केसांचं तेल, शाळेच्या जुन्या ट्रॅकसूटचा वास. मी ते दार रोज उघडत नाही, संपेल म्हणून. कोपीत तर ती आयुष्यात सगळ्यात सुखात झोपली होती. तिथं ती जास्त असेल असं मला वाटलं होतं.

मी उशीत तोंड खुपसलं. धूळ. गोधडी उचलून नाकाशी धरली. वाळल्या पाचटाचा वास, उंदराच्या लेंड्यांचा वास. पडदा दोन्ही हातांत घेऊन हुंगला. ऊन आणि डिझेल. मी पलंगाखालचे खण एकेक ओढून त्यात डोकं घातलं, जनावरासारखं. काही नव्हतं. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा या चौकटीतून आरपार गेले होते आणि जाताना तिला घेऊन गेले होते.

मी मोठ्यानं म्हणालो, "एक दार लावलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

बाहेर रावसाहेबाचा कप बशीवर वाजला. तो थोड्या वेळानं चौकटीपाशी आला, आत आला नाही.

"दाजी, ऱ्हाऊ द्यायचं का? ऱ्हाऊ द्या. हितंच ऱ्हाईल. माझं काय आडत न्हाई त्या जागेबिगर."

मी खोलीभर पाहिलं. प्लायवूडला पोपडे सुटले होते. छताच्या सांध्यातून पाणी झिरपून फडताळावर तपकिरी ओघळ आले होते. पुस्तकं मी आधीच काढून नेली होती. घर ठेवलं असतं तर ते असंच इथं कुजलं असतं, आणि मी दर आठवड्याला येऊन ते किती कुजलं ते बघितलं असतं. मला तिची ती सकाळची उभी राहायची पद्धत आठवली, हात कमरेवर, मान तिरकी, इंजिन ऐकत. तिला राहायचं नव्हतं. तिला जायचं होतं.

"काप," मी म्हणालो.

त्यानं ग्राइंडर उचलला नाही. आधी टेप आणली, खडू आणला, आणि पत्र्यावर मापं घेऊन रेघा मारायला लागला.

"मोडायचं तर माप कशाला, रावसाहेब?"

"वाकडं कापलेलं ताईला चालायचं न्हाई." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी तिकडं सावलीत बसा. ठिणग्या उडतील."

मी बसलो नाही. ठिणग्या उडाल्या. तिनं निवडलेला पिवळा रंग जळून त्याच्याखालचा लष्करी हिरवा दिसायला लागला. चौकट निघाली तेव्हा ती आम्ही दोघांनी धरून खाली ठेवली. ती माझ्या कल्पनेपेक्षा हलकी होती. संध्याकाळी रावसाहेबाच्या बायकोनं भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली आणि पत्र्याचे तुकडे भिंतीला लावून उभे केले.

रावसाहेबानं मागे मूळच्यासारखे लोखंडी बाक बसवले. गाडी पास झाली.

पुढच्याच शनिवारी मी मागे वळकटी, छोटी शेगडी आणि पुस्तकांची पिशवी टाकून निघालो. पाथर्डीच्या बाजूनं, तिथून पुढे, जितका रस्ता होईल तितका. दुपारी एका लिंबाखाली थांबून चहा केला. आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं इतक्या लांब गाडी चालवली होती, आणि शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं. ऊन कलायला लागलं तसा झोपायचा प्रश्न आला. मागे पाहिलं. वळकटी नुसत्या पत्र्यावर पडली होती, वर आभाळ.

पुढच्या गावात एक लॉज होतं. काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढे सरकवत विचारलं, "एकटेच का, काका?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग "राहू द्या" म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. तो दारापर्यंत मागे आला. "अहो, रूम स्वच्छ आहे, बघून तर घ्या," म्हणत राहिला. मी गाडी वळवली. नगर येईपर्यंत मी रस्त्याखेरीज कशाकडेही पाहिलं नाही.

मी तिचं घर मोडलं ते तिचा प्रवास व्हावा म्हणून. घराशिवाय तो प्रवास होत नाही, हे मला घर मोडल्यावर कळलं. हे मी रावसाहेबाला सांगितलेलं नाही. तो फोनवर विचारतो, "दाजी, कुठवर गेल्ता?" मी गावाचं नाव सांगतो. तो म्हणतो, "लई भारी."

अजूनही दर शनिवारी मी निघतो. अंधार पडायच्या आत परत येता येईल इतक्याच लांब जातो. कधी नेवासा, कधी जामखेड, एकदा संगमनेरच्या पुढे. गाडीला कागद आहेत. मागे लोखंडी बाक आहेत, समोरासमोर. पुढे दोन जागा आहेत. चालवायला मी आहे.